प्रेसखाली बोटं जातात तेव्हा : क्लचच्या चावीपासून मेडिकल बोर्डापर्यंत

पॉवर प्रेसवर, म्हणजे डायमध्ये (साच्यात) पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रावर, हात सापडला की शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हात आत घातलाच कशाला?" टूलरूममध्ये आणि संघटनेच्या टेबलावर आमच्यापुढं जी प्रकरणं आली, त्यांत बहुतेक वेळा याचं उत्तर एकच होतं : पीस काढायला. पीस हातानं लावायचा आणि हातानंच काढायचा, असंच ते काम बसवलेलं होतं. तरी कागदावर "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहिलं जातं आणि पुढचे कित्येक महिने तो शब्द त्या माणसाच्या फाइलमागं फिरत राहतो. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान प्रेस शॉपमधून असं प्रकरण सुरू होतं, ते पेन्शनचा पहिला हप्ता खात्यात जमा होईपर्यंत कसं जातं आणि कुठं अडतं, ते इथं लिहितो आहोत.

सुरुवात मशीनपासून करायला हवी. लहान शॉपमधल्या जुन्या सी-फ्रेम प्रेसवर बहुधा चावीचा, म्हणजे लोखंडी खिळीचा, क्लच असतो. मोटर फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, सतत फिरवत असते. पॅडल दाबलं की स्टॉपर बाजूला होतो, स्प्रिंग चावीला ओढते, चावी फ्लायव्हीलच्या खाचेत बसते, क्रँक फिरू लागतो आणि रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, खाली येतो. पूर्ण फेरा झाला की चावीची शेपटी स्टॉपरवर आदळते, चावी खाचेतून सुटते आणि क्रँकच्या टोकाचा ब्रेक रॅमला वरच्या बिंदूवर धरून ठेवतो. या रचनेत दोन गोष्टी जन्मजात आहेत. एक म्हणजे स्ट्रोक सुरू झाला की तो मध्ये थांबत नाही. मेन स्विच पाडला तरी फ्लायव्हीलमधला जोर फेरा पुरा करतो. दुसरी म्हणजे चावीची कड झिजली, स्प्रिंग तुटली, स्टॉपर गोल झाला किंवा ब्रेकच्या लायनिंगवर तेल उतरलं, तर पॅडलला पाय न लावता रॅम पुन्हा खाली येतो. कामगार याला "प्रेस डबल मारते" म्हणतात. मिनिटाला ६० स्ट्रोकची प्रेस असेल तर वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. त्या क्षणी माणसाचा हात डायमध्ये पीस उचलत असतो आणि डोळे ट्रेकडे असतात.

म्हणून जखमी माणूस गाडीत बसला की मागं राहिलेल्यांपैकी एकानं मोबाइल काढावा. प्रेसचा नंबर, पॅडल, पॅडलवर झाकण आहे की नाही, डायसमोर गार्ड आहे की नाही, त्याचे बोल्ट लावलेले आहेत की भोकं रिकामी आहेत, सगळ्याचे फोटो घ्यावेत. क्लच उघडला जाईल तेव्हा चावीचाही. आम्ही पाहिलेल्या चाव्यांमध्ये एक खूण नेहमी दिसते : काटकोनात असायला हवी ती कड वापरलेल्या साबणासारखी गोलावलेली असते आणि तेवढाच पट्टा आरशासारखा चमकत असतो. ही चावी संध्याकाळपर्यंत बदलली जाते, कारण प्रॉडक्शन थांबलेलं असतं. जुनी चावी भंगाराच्या ड्रममध्ये गेली की मशीनची साक्ष गेली.

हात खाली अडकूनच राहिला तर सोडवणारेच बऱ्याचदा इजा वाढवतात. मेन स्विच बंद करा आणि फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत आपला हात आत नेऊ नका. ते वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. रॅम आणि बेड यांच्यामध्ये लाकडी किंवा लोखंडी ठोकळा घाला, म्हणजे रॅम आणखी खाली येणार नाही. मग सेटरनं, म्हणजे डाय बसवणाऱ्यानं, रॅमच्या स्क्रूचा लॉक सैल करून स्क्रू वर घ्यावा, किंवा डायचे क्लॅम्प सोडून खालची डाय सरकवावी, किंवा फ्लायव्हीलला बार लावून ते उलटं फिरवावं. "एक स्ट्रोक पुढं काढू, सुटेल" असं म्हणून पॅडल दाबू नये. रॅम तळाच्या बिंदूच्या आधी अडकला असेल तर तो आधी आणखी दाबेल आणि मगच वर जाईल.

रक्त थांबवायला स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. हळद, कॉफी पावडर, ग्रीस, काहीही लावू नका. अंगठी, कडं लगेच काढा. सूज आल्यावर ते कापावं लागतं आणि तोवर बोटाचा रक्तपुरवठा अडतो. दाबूनही रक्त थांबत नसेल तरच वर पट्टा आवळा आणि आवळल्याची वेळ पेनानं हातावर लिहा. तुटलेला भाग शोधा. तो डायमध्ये, स्क्रॅपच्या ट्रेमध्ये किंवा हातमोज्याच्या आत असतो. साध्या स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं धुवा, ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं की पेशी गोठून मरतात, स्पिरिटमध्ये टाकलं तरी निकामी होतं. नीट थंड ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनंतरही जोडायला घेता येतं. मनगटाच्या वर, जिथं स्नायू आहेत, तिथं मात्र जेमतेम सहा तास हातात असतात. भाग कितीही चेचलेला दिसो, सोबत न्याच. जोडता आला नाही तरी त्याची त्वचा किंवा हाड कधी कधी उपयोगी पडतं. काय जमेल ते सर्जन ठरवेल, शॉपमधल्या कुणी ते ठरवू नये.

कापलेलं आणि चेचलेलं यांत फरक असतो. कात्रीनं कापल्यासारखं तुटलेलं बोट जोडायला सोपं असतं, कारण रक्तवाहिन्यांची तोंडं स्वच्छ असतात. प्रेसच्या जखमेत वाहिन्या आणि नसा लांबवर चिरडलेल्या, ताणलेल्या असतात, म्हणून बरीच बोटं जोडता येत नाहीत. आणि जिथं बोट तुटलंच नाही, फक्त पंजा दाबला गेला, तिथं लोक निश्चिंत होतात. खरा धोका तिथं असतो. काही तासांत हाताच्या बंद कप्प्यांत सूज भरते आणि आतला रक्तपुरवठा बंद पडतो. खूण अशी की दुखणं दिसणाऱ्या जखमेच्या मानानं फारच जास्त असतं आणि बोटं कुणी हळूच सरळ केली तरी माणूस किंचाळतो. वेदनाशामक गोळी देऊन त्याला घरी पाठवू नका. कप्पे वेळेत उघडले नाहीत तर हात राहतो, पण कामाचा राहत नाही. मोठी डाय किंवा फोर्कलिफ्टखाली मांडी, पाय तासाहून जास्त दबला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. दाब काढताच चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येतं, ते हृदयावर परिणाम करतं आणि पुढं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तिथं सोडवण्याआधी रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी शिरेतून सलाइन सुरू करणं गरजेचं. त्यानंतर लघवी गडद, कोलासारखी झाली तर तासाभराचाही उशीर नको.

कॅज्युअल्टीच्या दारात पहिला कागद जन्माला येतो. डॉक्टर विचारतात, "कसं झालं?" उत्तर बहुतेकदा सोबत आलेला सुपरवायझर देतो. "घरी दारात बोटं अडकली", "गाडीवरून पडला" अशा नोंदी आमच्यासमोर आल्या आहेत. ही नोंद पुढं खोडणं फार कठीण जातं. माणूस शुद्धीत असेल तर त्यानं स्वतः सांगावं : कंपनी, मशीन, वेळ, काय करत होतो. नातेवाईक आले असतील तर त्यांनी केसपेपर वाचून घ्यावा आणि "पॉवर प्रेस" हे शब्द त्यावर आहेत का ते पाहावं. मेडिको-लीगल (पोलिसांना कळवायची) नोंद झाली की तिचा नंबर लिहून ठेवावा. खासगी रुग्णालयात नेलं असेल तर ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) दवाखान्याला लगेच कळवावं आणि प्रत्येक बिलाची मूळ प्रत जपावी.

उपचारातला एक टप्पा लोकांना आधी कुणी सांगत नाही, म्हणून तो जरा सविस्तर. बोटावरची कातडी पूर्ण गेली असेल आणि हाड उघडं असेल, तर सर्जन हात जांघेच्या कातडीला शिवतात. साधारण तीन आठवडे हात तिथंच जोडलेला असतो, तोवर नव्या कातडीला बोटाकडून रक्त मिळू लागतं आणि मग तो सोडवतात. त्या तीन आठवड्यांत माणसाला एकट्याला कूस बदलता येत नाही, नाडी बांधता येत नाही, संडासला कुणाला तरी धरून जावं लागतं. खांदा आणि कोपर ताठर होतात. दुसऱ्या गावाहून आलेल्या आणि खोलीवर चौघांसोबत राहणाऱ्या पोराला हे एकट्यानं झेपत नाही. गावाहून आई किंवा भाऊ येईपर्यंत रूमवरच्या दोघांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. सैल शर्ट, पुढून उघडणारा आणि बटणांऐवजी वेल्क्रो लावलेला, फार उपयोगी पडतो.

आता कागद. ईएसआयच्या नियमांत अपघाताची वही, म्हणजे फॉर्म ११, कारखान्यानं ठेवायची असते आणि फॉर्म १२ हा अपघात अहवाल गंभीर इजेत ताबडतोब, एरवी २४ तासांत पाठवायचा असतो. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नसेल तर कारखाने कायद्याच्या कलम ८८ खाली औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवावं लागतं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांमध्ये सामावले आहेत. शॉपमध्ये आणि कचेरीत लोक अजून जुन्याच नावांनी बोलतात, म्हणून इथं तीच ठेवली आहेत.) फॉर्म १२ मधला "अपघात कसा झाला" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथं "हात आत घातल्यामुळे" एवढंच असेल तर सही करण्याआधी थांबा. असं लिहिलेलं हवं : "प्रेस क्र. अमुक, पीस काढताना पॅडल न दाबता रॅम दुसऱ्यांदा खाली आला. डायला गार्ड नव्हता." आपल्याला दिसलं तेवढंच लिहा, पण ते पूर्ण लिहा.

त्या ४८ तासांमुळेच एक वाईट पद्धत पडली आहे. पट्टी बांधलेल्या माणसाला गाडीनं आणतात, गेटवर हजेरी लावून घेतात आणि विश्रांतीच्या खोलीत बसवतात. म्हणजे गैरहजेरी नाही, म्हणजे अपघातही नाही. "पगार चालू ठेवतो, ईएसआयच्या भानगडीत पडू नको" असं गोड बोलून हे होतं. पगार दाखवला की त्या दिवसांचा अपंगत्व हितलाभ मिळत नाही, आणि दोन महिन्यांनी पगारही बंद होतो. तोवर फॉर्म १२ गेलेलाच नसतो.

दुसरी अडचण नोंदणीची. ठेकेदाराच्या कामगाराचा विमा नंबर अपघाताच्या दिवशीच काढल्याचं ई-पहचान कार्डावरच्या (ईएसआयच्या ओळखपत्रावरच्या) तारखेवरून कळतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. कामाच्या अपघाताच्या हितलाभाला किती हप्ते भरले याची अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. पण शाखा कार्यालय शंका घेतं, म्हणून आधीपासून काम करत असल्याचा पुरावा लागतो : गेटपास, हजेरीचे फोटो, बँकेत आलेला पगार, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज. ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येक कामगार, ठेक्यावरचासुद्धा, या योजनेत बसतो.

तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के मिळतात, रविवार धरून. रोज ५०० असेल तर ४५०. अट अशी की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असावं. पैसे अडतात ते बहुधा डॉक्टरांच्या रजेच्या सर्टिफिकेटच्या तारखांवर. एक सर्टिफिकेट १४ तारखेला संपलं आणि पुढचं १७ पासून निघालं, तर मधले दोन दिवस गेले. ड्रेसिंगला गेलात की पुढचं सर्टिफिकेट लागूनच्या तारखेचं आहे ना, ते खिडकीसमोर उभं राहूनच वाचा. या काळात कामावरून काढायला ईएसआय कायद्याच्या कलम ७३ खाली मनाई आहे. "फिट" चा दाखला घाईनं घेऊ नका. जखम भरणं वेगळं आणि हात कामाला येणं वेगळं.

त्यासाठी फिजिओथेरपी आहे आणि बहुतेक जण तीच सोडतात. उरलेल्या टोकाला कापड लागलं तरी करंट लागल्यासारखं होतं, म्हणून माणूस हात खिशात लपवतो आणि चांगली बोटंही आखडतात. घरी करता येणारा उपाय साधा आहे. आधी कापसानं, मग टॉवेलनं टोक चोळायचं. नंतर डब्यात तांदूळ घेऊन हात आत खुपसायचा आणि मूठ उघडझाक करायची, दिवसातून चार-पाच वेळा पाच मिनिटं. काही आठवड्यांनी तांदळाऐवजी राजमा घ्यायचा. टोकाला एकाच जागी दाबलं की झिणझिण्या वर खांद्यापर्यंत जात असतील तर तिथं नसेची गाठ असू शकते. ती डॉक्टरांना दाखवा आणि केसपेपरवर लिहून घ्या, बोर्डापुढं लागते.

मेडिकल बोर्ड म्हणजे कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारे डॉक्टर. तिथं माणसाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी क्रमानं लावून न्या. ईएसआय कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तक्ता आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, त्याचं टोकाचं पेर गेलं तर २०. तर्जनी पूर्ण १४, दोन पेरं ११, एक पेर ९, हाड न जाता फक्त टोक ५. मधलं बोट पूर्ण १२, दोन पेरं ९, एक पेर ७. अनामिका किंवा करंगळी पूर्ण ७, दोन पेरं ६, एक पेर ५. एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०. अंगठ्यासकट पंजा गेला तर ६०. नखाखाली हाडाचा तुकडा गेला आहे की फक्त मांस, यावर तर्जनीचे ५ का ९ ठरतात, म्हणून एक्स-रे स्पष्ट हवा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. परिशिष्टाखालच्या टिपेनुसार एखाद्या अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयव गेल्यासारखाच धरतात. बोट जागेवर आहे पण लाकडासारखं ताठ आहे, वाकतच नाही, तर "बोट तर आहे की" म्हणून गप्प बसू नका.

बोर्डाला काय जमत नाही ते नेमकं सांगा. "हात चालत नाही" याला अर्थ नाही. व्हर्नियर धरता येत नाही, १२ चा नट फिरवता येत नाही, शर्टाचं वरचं बटण लागत नाही, भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, थंडीत टोक निळं पडतं, असं सांगा. वाढवून मात्र सांगू नका. पकड मोजायचं साधन समोर असतं आणि एकदा विश्वास उडाला की खरी तक्रारही ऐकली जात नाही.

रोजचा ४५० चा दर आणि टक्केवारी २० ठरली तर पेन्शन दिवसाला ९० रुपये, महिन्याला सुमारे २,७००, आयुष्यभर. माणूस पुन्हा कामाला लागला, पगार वाढला, कंपनी बदलली तरी ते चालू राहतं. बंद पडतं ते जीवंत असल्याचा दाखला न दिल्यानं. टक्केवारी कमी वाटली तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं, म्हणून पत्र मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून पाकीटही ठेवा.

ईएसआय जिथं लागूच नाही तिथं १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा येतो. तिथं मासिक पेन्शन नाही, एकरकमी भरपाई आहे : वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक गुणिले अपंगत्वाची टक्केवारी. २५ वर्षांच्या, १२,००० पगाराच्या कामगाराची दोन बोटं गेली तर ७,२०० गुणिले २१६.९१, त्याचे २० टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख १२ हजार. महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड. दावा दोन वर्षांत करावा लागतो. वीस-तीस हजार रोख देऊन "मला काही तक्रार नाही" असं लिहून घेतात, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहा.

चावीच्या फोटोचं आणि रिकाम्या बोल्टच्या भोकांचं वजन इथंच कळतं. ईएसआयमध्ये कामगारानं नियम मोडला असला तरी मालकाच्या कामासाठीच ते करत असताना अपघात झाला असेल, तर कलम ५१-ब खाली हक्क जात नाही. १९२३ च्या कायद्यात मात्र कामगारानं जाणूनबुजून गार्ड काढला होता असा बचाव मालकाला घेता येतो, मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून. गार्ड मुळात नव्हताच, किंवा पीस काढायला जागा राहावी म्हणून सेटरनंच तो काढून ठेवला होता, हे दाखवता आलं तर तो बचाव टिकत नाही.

माणूस परत येतो तेव्हा प्रेस तिथंच असते, बहुतेकदा नवी चावी घालून. तेवढ्यानं ती सुरक्षित होत नाही, चावी पुन्हा झिजते. चावीच्या क्लचवर लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा, बसवून फोटो काढणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, कारण किरण तुटले तरी स्ट्रोक थांबतच नाही. अशा प्रेसला डायभोवती पक्का बंद गार्ड हवा, फटी ६ मिलिमीटरहून कमी, पीस घसरपट्टीवरून आत जावा आणि हवेच्या झोतानं बाहेर यावा. लाइट कर्टन हवं असेल तर हवेवर चालणारा, स्ट्रोक मध्येच थांबवू शकणारा फ्रिक्शन क्लच-ब्रेक बसवावा लागतो आणि थांबायचा वेळ मोजावा लागतो. हाताचा वेग सेकंदाला १,६०० मिलिमीटर धरतात. प्रेस ०.२ सेकंदात थांबत असेल तर हात तेवढ्यात ३२० मिलिमीटर आत जातो, म्हणजे कर्टन डायपासून त्याहूनही लांब हवं. दोन हातांची बटणंही याच हिशेबानं लांब लावायची आणि दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक सुटायला हवा, नाहीतर एकावर चिकटपट्टी लागते. हेल्पर समोर उभा असेल तर त्याचा हात या बटणांनी वाचत नाही. त्याला वेगळी बटणं द्या किंवा तिथून हलवा.

आणि पाळी सुरू होताना, डायमध्ये काही न ठेवता, दहा रिकामे स्ट्रोक मारा. क्रँकच्या चाकावर वरच्या बिंदूला खडूची रेघ ओढलेली असू द्या. दहाही वेळा रेघ त्याच जागी थांबली पाहिजे. एकदा जरी पुढं सरकली तर ब्रेक सैल आहे किंवा चावी गेली आहे. प्रेस बंद करा, वहीत वेळ लिहा आणि त्या पानाचा फोटो स्वतःकडं ठेवा.